सरसापासून ॲरल्डाइटपर्यंत

चिकटविण्याचीं द्रव्यें माणसाजवळ फार प्राचीन काळापासून आहेत. सुताराचा सरस, पुस्तकें बांधणाराची खळ व बाभळीचा डिंक यांवर संसाराचीं बहुतेक कामें शतकानुशतकें भागलीं. परंतु ओलावा व उष्णता यांपुढें या द्रव्यांचें फारसें चालत नसे. सरस तर ऊन करूनच पातळ करावयाचा. तो पुन्हा तापला म्हणजे सांधा सैल व्हावयाचा, हें सुतार गृहीतच धरून चाले. मोटारीस मात्र असा सांधा उपयोगी नव्हता, कारण तिच्या पोटांत अग्नि आहे.

मोटारींत प्लॅस्टिकाचा शिरकावही उष्णतेच्या ठिकाणींच झाला. लिओ बेकलंड या बेल्जियममध्यें जन्मलेल्या रसायनज्ञानें न्यूयॉर्कनजीक यॉन्कर्स येथें कार्बॉलिक ॲसिड व फॉर्मल्डिहाइड यांपासून एक राळ तयार केली. १९०७ सालीं त्यानें पेटंटसाठीं अर्ज केला व १९०९ सालीं तें त्यास मिळालें. तीच बेकेलाइट होय. उष्णता व दाब यांखालीं एकदां घट्ट झालेली ही राळ पुन्हा वितळत नाहीं. म्हणून इंजिनाशेजारच्या डिस्ट्रिब्यूटरच्या टोपीस ती योग्य ठरली.

याच जातीच्या राळेपासून पुढें चिकट द्रव्य निघालें. केंब्रिजजवळील डक्सफर्ड येथें नॉर्मन डी ब्रुइन यानें १९४१ सालीं ‘रेडक्स’ सिद्ध केलें. त्यानें विमानाचे धातूचे पत्रे जोडतां येऊं लागले. अट एवढीच कीं, सांधा दाबाखालीं तापविला पाहिजे. त्याच सुमारास स्वित्झर्लंडमध्यें पिएर कास्तां हा दांतांच्या कवळ्यांसाठीं द्रव्य शोधीत होता. त्यास सांपडलेली इपॉक्सी राळ बाझेल येथील सिबा कंपनीनें घेतली व १९४६ सालीं ‘ॲरल्डाइट’ या नांवानें प्रदर्शनांत मांडली.

सर्वांत विलक्षण हकीकत सायानोॲक्रिलेटची. १९४२ सालीं हॅरी कूव्हर हा ईस्टमन कोडक कंपनींत बंदुकीच्या नेमयंत्रासाठीं पारदर्शक प्लॅस्टिक शोधीत असतां हें द्रव्य निघालें. पण लागेल तेथें चिकटतें म्हणून बाजूस पडलें. १९५१ सालीं त्याचे सहकारी जेट विमानाच्या छत्रीसाठीं उष्णता सोसणारें प्लॅस्टिक शोधीत होते. फ्रेड जॉयनर यानें एका यंत्राच्या दोन लोलकांमध्यें याचा थर दिला, तों लोलक सुटेनात! १९५८ सालीं तें बाजारांत आलें. उष्णता सोसणाऱ्या पदार्थाच्या शोधांत हातीं लागलेलें हें द्रव्य स्वतः मात्र, साध्या प्रकारांत, ८० अंश सेंटिग्रेडच्या सुमारास दुबळें पडूं लागतें.

या इतिहासाचा बोध असा कीं, सांध्याचें बळ थंड असतां पाहून भागत नाहीं. एकच इपॉक्सी घरच्या हवेंत घट्ट झाली तर बहुधा ६० अंशांच्या आसपास मऊ पडूं लागते. योग्य मिश्रण घेऊन भट्टींत तापविली तर १५० अंशांपर्यंतही टिकते. उन्हांत उभ्या असलेल्या मोटारीचा डॅशबोर्ड ७० अंशांच्या वर सहज जातो. तेव्हां घट्ट होण्याची रीत न पाहतां केवळ नळीवरील नांव पाहणारा मनुष्य फसतो.

प्लॅस्टिकाची जातही पाहिली पाहिजे. बंपर बहुधा पॉलिप्रॉपिलीनचा असतो. कमळाच्या पानावर पाणी ठरत नाहीं, तसें त्यावर साधें चिकट द्रव्य ठरत नाहीं. त्यास खास प्राइमर द्यावा लागतो, किंवा गरम हवेनें त्याच जातीच्या कांडीचें जोडकाम करावें लागतें. एबीएसच्या पट्ट्यांस इपॉक्सी चांगली धरते. जातीचीं आद्याक्षरें बहुधा भागाच्या आंतल्या अंगास उमटविलेलीं असतात.

रेडिएटरच्या टाकीची गोष्ट वेगळी. ती कांचतंतु घातलेल्या नायलॉनची असते, व तींत १०० अंशांच्या आसपास तापलेलें पाणी दाबाखालीं असतें. तेथें लावलेला लेप कारखान्याच्या दारांत टिकतो आणि चढणीवर सुटतो. पाणी गेलें कीं इंजिनाचें हेड वांकडें होतें, आणि झांकण उघडावयास गेलेल्याचा हात भाजतो. डी ब्रुइननें तापविल्यावांचून सांध्यावर विश्वास ठेविला नाहीं. ज्या भागास तसें तापवितां येत नाहीं आणि ज्यावर माणसाची सुरक्षितता अवलंबून आहे, तो भाग जोडीत न बसतां बदलावा, हेंच शहाणपणाचें होय.