पोट न उघडता आत पाहण्याची गोष्ट

आपल्या गटांत एक वाक्य फार कानावर येतं: "स्कॅन काढला आणि डॉक्टर म्हणाले, आत्ता ऑपरेशन नाही. म्हणजे तिला सोडूनच दिलं." म्हणून आज आम्ही या स्कॅनचा इतिहास सांगायला बसलोय.

1895 साली जर्मनीत विल्हेल्म राँटजेन यांना एक्स-रे सापडला. त्यात हाडं स्वच्छ दिसत. पोटातली आतडी, यकृत, अंडाशय मात्र एकावर एक पडलेल्या सावल्या. त्यामुळे कॅन्सर किती पसरलाय हे बघायला पुष्कळदा पोटच उघडावं लागे. गाठ निघण्याजोगी नसली, तर तसंच शिवून टाकत. बाई टाके घेऊन घरी यायची, आजार तसाच. "पोट फाडलं की आजार पसरतो" ही म्हाताऱ्या बायकांची भीती आम्हाला वाटतं तिथूनच आली असावी.

सातगाव पठारावरचा बटाटा आतून काळा आहे का, ते कापल्याशिवाय कळत नाही. सीटी स्कॅन न कापता चकत्या दाखवतो. यंत्र अंगाभोवती फिरून सगळ्या बाजूंनी एक्स-रे सोडतं, आणि संगणक हिशेब करून एकेक चकती जुळवतो. इंग्लंडचे गॉडफ्रे हाउन्सफिल्ड यांनी ते बनवलं. 1 ऑक्टोबर 1971 ला लंडनमध्ये पहिला रुग्ण तपासला, ती एक बाईच होती, मेंदूत गाठ असलेली. पोटाचे स्कॅन काही वर्षांनी आले.

आता गंमत ऐका. खोडदच्या त्या तीस प्रचंड तबकड्या उभारणारे डॉ. गोविंद स्वरूप अमेरिकेत ज्यांच्या हाताखाली शिकले, त्या रॉन ब्रेसवेल यांनी 1956 मध्येच पट्ट्यापट्ट्यांच्या मोजमापातून आकाशाचं चित्र जुळवायची गणिती रीत मांडली होती. हाउन्सफिल्ड यांनी आपली वाट स्वतंत्र शोधली, पण कोडं तेच होतं.

अंडाशयाचा कॅन्सर पोटभर पसरला असेल, तर डॉक्टर चित्रात बघतात: यकृताजवळ काय, आतड्याच्या मुळाशी काय, सगळं काढता येईल का? येणार नसेल तर आधी किमो, मग ऑपरेशन. युरोप आणि कॅनडातल्या सहाशेहून अधिक बायकांवरचा अभ्यास 2010 मध्ये छापून आला. आजार खूप पसरलेल्या त्या बायकांत आधी किमो घेतलेल्या आणि आधी ऑपरेशन झालेल्या साधारण सारख्याच जगल्या. म्हणजे "आत्ता नाही" याचा अर्थ बऱ्याचदा "आधी गाठ आटवू" असा असतो. तो अर्थ डॉक्टरांनाच स्पष्ट विचारायचा, लाजायचं नाही.

स्कॅनही सगळं पाहत नाही. पोटाच्या अस्तरावरचे मोहरीएवढे दाणे सुटतात. म्हणून कधी छोट्या छिद्रातून दुर्बीण घालून बघतात.

आणि जुनी फिल्म, सीडी, रिपोर्ट पेटीत जपून ठेवा. काही किमो झाल्यावर दुसरा स्कॅन निघतो, तेव्हा डॉक्टर दोन्ही शेजारी लावून बघतात.