वॉकरसाहेबाचा हिशेब

दर एप्रिलमध्ये हवामान खात्याचा मान्सूनचा अंदाज येतो आणि लगेच आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पडतो. ‘सरासरीच्या इतके टक्के.’ गावाकडचे काका मला विचारतात, “तू संख्याशास्त्र शिकलास ना, मग यावर बियाणं घेऊ का ते सांग.” माझ्याकडे उत्तर नसतं. ही टक्केवारी मुळात आली कुठून, हे शोधायला गेलो तेव्हा मला गिल्बर्ट वॉकर सापडला.

1876-78च्या दुष्काळात लाखो माणसं मेली. पावसाची आगाऊ खबर मिळावी असं सरकारला वाटू लागलं. हवामान खात्याचे प्रमुख हेन्री ब्लॅनफर्ड यांनी हिमालयातला बर्फ पाहून अंदाज बांधायला सुरुवात केली. बर्फ जास्त, तर पाऊस कमी. काही वर्षं जमलं. मग 1899 साली त्यांच्यानंतरच्या जॉन इलियट यांनी चांगल्या पावसाचा अंदाज दिला आणि पडला भीषण दुष्काळ.

इलियटनंतर, 1904 साली खातं वॉकरकडे आलं. केंब्रिजचा गणिती, हवामानशास्त्र शिकलेलाच नव्हता. त्याने जगभरच्या वेधशाळांचे दाब, तापमान, पाऊस यांचे आकडे गोळा केले आणि कशाची कशाशी जोडी जमते ते तपासायला घेतलं. संगणक नव्हताच. गुणाकार-भागाकारांचे ढीग उपसले ते खात्यातल्या हिंदी कारकुनांनी. त्यातून दिसलं, की प्रशांत महासागरावर हवेचा दाब चढतो तेव्हा हिंदी महासागराकडे तो उतरतो, जणू तराजूची दोन पारडी. 1924 साली वॉकरने याला ‘सदर्न ऑसिलेशन’ म्हटलं. याचं एल निनोशी असलेलं नातं याकोब ब्येर्कनेस यांनी 1969 साली उलगडलं.

मला मात्र वॉकरचा 1914 सालचा एक निबंध जास्त महत्त्वाचा वाटतो. त्यात त्याने स्वतःच्याच पद्धतीतला धोका सांगितला: भरपूर जोड्या तपासल्या तर काही निव्वळ योगायोगानेही जुळणार. हिशेब सोपा आहे. योगायोगाने जुळण्याची शक्यता 20त 1 असेल आणि पावसाशी काहीही संबंध नसलेल्या 20 गोष्टी तुम्ही तपासल्यात, तर निदान एक तरी जुळण्याची शक्यता 64 टक्के!

हा इशारा आपल्याला पुन्हा भेटला. पुण्यात जन्मलेले शास्त्रज्ञ वसंत गोवारीकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांचं 16 घटकांचं मॉडेल 1988 पासून वापरात आलं. 2001 पर्यंत त्याचं कौतुक झालं. पण त्या 14 वर्षांत देशव्यापी दुष्काळ एकदाही पडला नव्हता. ‘यंदा दुष्काळ नाही’ असं डोळे मिटून सांगणाराही दरवर्षी बरोबरच ठरला असता. मॉडेलची खरी परीक्षा 2002 साली झाली. अंदाज होता 101 टक्क्यांचा, पाऊस पडला 81 टक्के. जुलैत तर जेमतेम निम्मा. पुढच्याच वर्षी खात्याने नवी मॉडेलं आणली.

नातीही कायम टिकत नाहीत. 1997 साली शतकातला एक सर्वांत तीव्र एल निनो होता, तरी आपल्याकडे पाऊस सरासरीइतका झाला.

आता काकांना मी टक्केवारीसोबत तिच्या शेजारचं ‘अधिक-उणे 5’ही वाचून दाखवतो. आणि हा आकडा अख्ख्या देशाचा आहे, आपल्या शिवाराचा नाही, हेही सांगतो. ते म्हणतात, “म्हणजे निम्मं बियाणं आत्ता, निम्मं पाऊस बघून.” संख्याशास्त्राच्या वर्गात मला हे इतक्या सोप्या शब्दांत कुणी शिकवलं नव्हतं.