हिंगण्याचा शिक्षणविचार

महर्षी धोंडो केशव कर्वे यांनी १८९६ साली विधवांसाठी अनाथ बालिकाश्रम स्थापन केला आणि १९०० साली तो पुण्याजवळच्या हिंगणे या खेड्यातील एका साध्या झोपडीत नेला. फर्ग्युसन महाविद्यालयातील गणिताचे तास आटोपले की अण्णा पायीच हिंगण्याची वाट धरीत. परावलंबी जिणे वाट्यास आलेल्या स्त्रीने शिकून स्वतःच्या पायांवर उभे राहावे, हा त्यांचा मूळ हेतू होता. १९०७ साली महिला विद्यालय निघाले आणि कुमारिकांसाठीही शिक्षणाचे दार उघडले.

मुलींना काय शिकवावे, आणि कोणत्या भाषेत, हा प्रश्न मात्र उरलाच होता. त्या काळी मॅट्रिकची वाट इंग्रजीतूनच जात असे. विषय समजण्याआधी परकी भाषा आत्मसात करण्यातच विद्यार्थिनींची शक्ती खर्ची पडे. जपानमधील महिला विद्यापीठाची माहितीपुस्तिका वाचून कर्व्यांच्या मनातील विचार निश्चित झाला. १९१६ साली त्यांनी महिला विद्यापीठ स्थापन केले. शिक्षण मातृभाषेतून द्यावे, इंग्रजी हा विषय अनिवार्य असावा, आणि आरोग्यशास्त्र व गृहशास्त्र यांनाही अभ्यासक्रमात मानाचे स्थान असावे, ही त्याची सूत्रे होती. इंग्रजीचा त्याग त्यात नव्हता. तिचे स्थान तेवढे बदलले होते.

या स्वातंत्र्याचे मोल मोठे होते. विद्यापीठाच्या पदवीस सरकारमान्यता नव्हती. १९२० साली सर विठ्ठलदास ठाकरसी यांनी पंधरा लक्ष रुपयांची देणगी दिल्यामुळे संस्थेस आर्थिक आधार लाभला. वैधानिक मान्यतेसाठी मात्र १९५१ साल उजाडावे लागले. स्त्रियांचा अभ्यासक्रम निराळा ठेवल्याने त्यांचे शिक्षण दुय्यम ठरेल, असा आक्षेपही घेतला गेला. तो निराधार म्हणता येणार नाही. घर हेच स्त्रीचे मुख्य कार्यक्षेत्र, ही त्या काळची धारणा अभ्यासक्रमात उतरली होती आणि पुढील पिढ्यांनी ती मागे टाकली, हे योग्यच झाले.

मातृभाषेचे सूत्र मात्र टिकले. ते केवळ मराठीपुरतेही नव्हते. गुजराती मुलींसाठी तेथे गुजराती माध्यम होते. महाराष्ट्राबाहेर राहून आपल्या कन्येस मराठी शाळेत घालणाऱ्या पालकांपुढे आजही तोच प्रश्न उभा राहतो: मुलीचे पुढे कसे होणार? ज्या भाषेत मूल प्रश्न विचारते, त्या भाषेत त्याला उत्तर मिळाले पाहिजे, आणि जगाची भाषाही त्याला नीट आली पाहिजे. हिंगण्याच्या अनुभवातून हाती येते ते हेच.