नावाचे चित्र

इंटरनेट आर्काइव्ह ही अमेरिकेतील संस्था १९९६पासून जगभरातल्या संकेतस्थळांच्या प्रती साठवून ठेवते आहे. त्या संग्रहातली २००० सालच्या आगेमागे तयार झालेली मराठी पाने चाळताना एक अनुभव वारंवार येतो. पान उघडते. मजकूर दिसतो, बहुधा रोमन अक्षरांच्या खिचडीच्या रूपात. पण माथ्यावर जिथे संस्थेचे किंवा नियतकालिकाचे नाव असायला हवे, तिथे नुसती रिकामी चौकट असते. यंत्राने पानाचा मजकूर उचलला, चित्र राहून गेले. आणि नाव होते त्या चित्रात. पुस्तकाचे मुखपृष्ठ फाटले तरी आत नामपृष्ठ असते. इथे तेवढाही आधार नाही.

नाव चित्रात का गेले, हे समजण्यासाठी त्या काळी ‘हेडर’, म्हणजे संकेतस्थळाचा माथा, कसा घडवला जाई ते पाहावे लागते. वेबच्या पानात चित्र बसवण्याची सोय १९९३मध्ये मार्क अँड्रीसन यांच्या मोझॅक या ब्राउझरमुळे रूढ झाली. इंग्रजी संकेतस्थळेही माथा चित्ररूपातच करत, पण त्यांच्यासाठी ती हौस होती. साधे टाइप केलेले नावही सगळीकडे वाचता येत होतेच. आपल्यासाठी तो नाइलाज होता. युनिकोडमध्ये देवनागरीला १९९१पासून १२८ जागा मिळाल्या होत्या खऱ्या, पण वाचकाच्या संगणकात ती सोय हवी ना! र. कृ. जोशी यांनी घडवलेला ‘मंगल’ हा टंक विंडोज २०००बरोबर आला. घराघरांत मात्र विंडोज ९८ होते. त्यामुळे सगळी भिस्त डीटीपीच्या फॉन्टवर. हे फॉन्ट रोमन अक्षरांच्या जागांवर देवनागरी आकार बसवत, आणि प्रत्येक कंपनीची बसवण्याची तऱ्हा निराळी. वाचकाकडे नेमका तोच फॉन्ट नसला की खिचडी. आतल्या मजकुराबाबत हा धोका पत्करता येत असे. नावाबाबत कोण पत्करणार?

फोटोशॉप १९९०मध्ये बाजारात आले आणि १९९४च्या तिसऱ्या आवृत्तीत त्यात ‘लेयर’ आले. पण त्या काळच्या फोटोशॉपला युनिकोड देवनागरी जुळवता येत नसे. पहिली वेलांटी अक्षराच्या मागे जाऊन बसे, जोडाक्षरे पाय मोडून पडत. म्हणून रुळलेली वाट अशी: नाव कोरलड्रॉमध्ये डीटीपीच्या फॉन्टमध्ये टाइप करायचे, ‘कर्व्ह’ करायचे आणि मग फोटोशॉपमध्ये न्यायचे. ‘फाईल कर्व्ह करून दे’ हे वाक्य छपाईच्या धंद्यात आजही रोज ऐकू येते. कर्व्ह करणे म्हणजे अक्षराची नुसती बाह्यरेषा उरवणे. त्यानंतर ‘क’ हा ‘क’ राहत नाही, तो एक आकार होतो. मराठी छपाईची एक सुरुवातही अशीच आहे. गणपत कृष्णाजींनी १८३१मध्ये पंचांग छापले ते शिळाछापावर. तिथेही अक्षर म्हणजे दगडावर उतरलेले चित्रच होते, खिळे नंतर आले.

खरी कसोटी पुढेच असे. पडदा बहुधा ८०० बाय ६०० पिक्सेलचा, म्हणून माथ्याची रुंदी ७६०च्या आसपास आणि उंची शंभर-सव्वाशे. एवढ्यात देवनागरी बसवायची तर पहिला अडसर शिरोरेषेचा. ती दोन पिक्सेलच्या ओळींच्या मधोमध पडली, की दोन्ही ओळी करड्या होऊन धूसर दिसत. मग आख्खे नाव अर्ध्या पिक्सेलने वर सरकवायचे. रफार आणि अनुस्वार शेजारी आले की त्यांचा एकच ठिपका होई. तो हाताने, पिक्सेल पिक्सेल खोडून मोकळा करावा लागे. खिळे जुळवणाऱ्यांच्या डोळ्यांबद्दल आपल्याकडे लिहिले गेले आहे. या कामाबद्दल कुणी लिहिल्याचे माझ्या वाचनात नाही.

शिवाय वजनाचा प्रश्न. ४० किलोबाइटचे चित्र ५६ केच्या मोडेमवरून उतरायला सगळे सुरळीत असले तरी सहा सेकंद. जेपीईजी केले तर अक्षरांच्या कडेने घाण दिसे. जीआयएफ केले तर २५६ रंगांत छायाचित्राचे चट्टे पडत. यावर उपाय म्हणजे माथ्याचे तुकडे करायचे, छायाचित्राचा तुकडा जेपीईजी, नावाचा जीआयएफ, आणि दोन्ही एका तक्त्यात शेजारी शेजारी चिकटवायचे. आर्काइव्हमध्ये कधी कधी अर्धाच माथा सापडतो तो यामुळे.

ग्राहकाला दाखवायला दोन-तीन पर्याय करण्याची पद्धत होती. २००२मध्ये तालुक्याच्या गावातल्या एका जुन्या वाचनालयासाठी मी केलेले तीन पर्याय माझ्याकडच्या सीडीवर अजून आहेत. पहिल्यात इमारतीचे छायाचित्र आणि मागे केशरी छटा. दुसऱ्यात पांढऱ्यावर नुसते नाव. तिसऱ्यात वाचनालयाच्या जुन्या रबरी शिक्क्यावरची अक्षरे, स्कॅन करून त्यांवरून रेषा ओढलेली. कार्यकारिणीने पहिला निवडला. माझे मतही तेव्हा तेच होते. केशरी छटेचा मला जरा अभिमानच होता. निवडलेल्या पर्यायाचे चित्र संकेतस्थळाबरोबर गेले. दुसऱ्याची कोरल फाईल उघडली की संगणक हरवलेला फॉन्ट मागतो आणि नावाच्या जागी रोमन खिचडी दाखवतो, कारण नापसंत म्हणून ती मी कर्व्ह केलीच नव्हती. तिसरा मात्र जसाच्या तसा उघडतो. तो मूळ शिक्का नंतर वाचनालयाच्या स्थलांतरात हरवला. त्या वळणदार ‘ल’चा, आडव्या पसरलेल्या ‘श’चा एवढाच पुरावा आता उरला आहे, आणि तो नाकारलेल्या पर्यायात.

पुढचा भाग सर्वांच्या परिचयाचा आहे. २०१०नंतर पानाबरोबरच फॉन्ट पाठवण्याची सोय रुळली, मुंबईच्या एक टाइपचे ‘मुक्त’, ‘बलू’ यांसारखे देवनागरी टंक विनामूल्य मिळू लागले, फोन आले आणि ७६० पिक्सेलच्या माथ्याला अर्थ उरला नाही. नाव पुन्हा अक्षरांत आले.

त्या वाचनालयाचे पान मी आर्काइव्हमध्ये शोधले. सापडले. माथ्यावर रिकामी चौकट. चित्र न दिसल्यास त्याऐवजी दाखवायचे शब्द लिहिण्यासाठी एचटीएमएलमध्ये एक जागा असते. डिसेंबर १९९७च्या चौथ्या आवृत्तीपासून ती भरणे बंधनकारक होते. पानाचा स्रोत उघडून पाहिला. त्या जागी मी ‘हेडर १’ असे लिहिले होते.