पत्र्याखालची हवा

पिंपरीच्या माळावर बंद खोलीतली हवा मोजूनमापून तयार होऊ लागली ती पेनिसिलिनसाठी. हिंदुस्थान अँटिबायोटिक्स ही सरकारी कंपनी १९५४ साली जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या मदतीने उभी राहिली आणि १९५५ पासून तिथे औषध बनू लागलं. टाकीतली बुरशी वाढताना स्वतः उष्णता सोडते, म्हणून टाकी पंचवीस अंशांच्या आसपास राखण्यासाठी सतत गार करत राहावं लागतं. तयार झालेली पूड ओलाव्याने खराब होते, म्हणून ती भरायच्या खोलीतली हवा गाळलेली, गार आणि कोरडी हवी. माझे बाबा एचएमध्ये भरणी विभागात होते. पिंपरीत कंपनीला सगळे ‘एचए’ म्हणतात. भिंतीवरच्या तक्त्यात तापमान आणि आर्द्रता लिहिल्याशिवाय शिफ्ट सुरू होत नसे, असं ते सांगायचे. आम्ही मुलं मात्र मे महिन्यात संध्याकाळी स्लॅबवर बादल्यांनी पाणी ओतून रात्रीच्या झोपेची सोय करायचो. स्लॅब दिवसभर ऊन पितो आणि रात्री ते आपल्या अंगावर सोडतो, हे मला तिथेच कळलं. त्याचं गणित पुढे शिकले.

इमारत बांधण्याआधी ती संगणकात उभी करायची, वर्षाच्या ८७६० तासांतल्या प्रत्येक तासाला तिच्या छपरावर किती ऊन पडेल, भिंतीतून किती उष्णता किती उशिराने आत येईल, आतल्या माणसाला कसं वाटेल आणि वीज किती लागेल हे काढायचं, हा माझा व्यवसाय आहे. पिंपरी-चिंचवड आणि चाकणचा इतिहास या कामाच्या बाजूने पाहिला की त्यात एक क्रम दिसतो. चांगली हवा आधी औषधाला मिळाली, मग गाडीच्या रंगाला, मग संगणकाला. पत्र्याखाली आठ तास उभं राहणाऱ्या माणसाचा नंबर शेवटी लागला, आणि पुष्कळ ठिकाणी तो अजून लागायचाच आहे.

खरं तर कायद्याने हे फार आधी सांगून ठेवलं होतं. १९४८ च्या कारखाने कायद्यात, कलम १३ मध्ये, कामाच्या जागी पुरेशी हवा खेळती हवी, तापमान कामगाराला बऱ्यापैकी सुखाचं हवं, एवढं सांगून पुढे भिंती आणि छपरांचा उल्लेख होता: ती अशा सामानाची आणि अशा रचनेची असावीत की आतलं तापमान जमेल तितकं कमी राहील. छपराची रचना हा कामगाराच्या हक्काचा भाग आहे, असं मानणारं ते वाक्य मला फार मोलाचं वाटतं. पण कुठल्या छपराखाली किती तापमान राहील, हे शेड उभी राहण्याआधी सांगायचं साधन तेव्हा कुणाच्या हाताशी नव्हतं.

१९६२ मध्ये एमआयडीसी स्थापन झाली, त्याच दशकात आकुर्डीत बजाज आणि चिंचवड-पिंपरीत टेल्को आली, आणि भोसरीपर्यंत शेडच शेड झाल्या. त्या काळच्या अनेक शेडना नॉर्थ लाइट छप्पर असे. छपराची ओळ करवतीच्या दातांसारखी, दाताची उभी बाजू काचेची आणि उत्तरेकडे तोंड केलेली. उजेड मिळतो, ऊन येत नाही, असा त्यामागचा विचार. हा नमुना इंग्लंडच्या कापडगिरण्यांतून आला. मँचेस्टर ५३ अंश अक्षांशावर आहे, तिथे दुपारचा सूर्य कायम दक्षिणेलाच असतो. पुणे साडेअठरा अंशांवर. आपल्याकडे मेच्या मध्यापासून जुलैअखेरीपर्यंत दुपारचा सूर्य डोक्याच्याही किंचित उत्तरेला असतो आणि उन्हाळाभर तो ईशान्येकडे सरकून उगवतो, वायव्येकडे सरकून मावळतो. म्हणजे ऐन तापाच्या दिवसांत सकाळ-संध्याकाळ त्या काचांतून ऊन आत येतं, आणि काच तिरपी बसवली असेल तर दुपारीसुद्धा. तरीही मी या छपरांच्या बाजूने आहे. दिवसा एकही दिवा न लावता त्यांनी हजारो माणसांना कामापुरता उजेड दिला. नंतरच्या सरळसोट पत्र्याच्या शेडनी तोही काढून घेतला.

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला मी पुण्यात एका वातानुकूलन सल्लागाराकडे लागले. आमचं हत्यार म्हणजे ई-ट्वेंटी शीट. कॅरिअर कंपनीच्या पद्धतीचा हा एक पानी तक्ता वातानुकूलनातल्या प्रत्येकाच्या हाताखालून गेलेला असे. काचा किती, भिंती किती, माणसं किती, दिवे किती. प्रत्येकाला गुणक लावायचा, बेरीज करायची आणि शेवटी उत्तर टनांत. हिशेब एका दिवसाचा आणि त्यातल्या एका तासाचा, बहुतेक मेमधल्या दुपारी चारचा. यंत्र केवढं घ्यायचं एवढंच त्यातून कळे. त्याच सुमारास चिंचवडच्या थरमॅक्सची व्हेपर ॲब्सॉर्प्शन यंत्रं कारखान्यांत बसू लागली होती. ती विजेऐवजी वाफेवर गारवा देतात, त्यामुळे ज्याच्याकडे बॉयलर आहे त्याचं बिल घटतं. पण वर्षभरात किती घटेल, हे विचारलं की आमच्या शीटकडे उत्तर नसे. छपराखाली दोन इंच इन्सुलेशन लावलं तर यंत्रच लहान घेता येईल का, हा प्रश्न तर कुणी विचारतही नसे.

अशा प्रश्नांची उत्तरं देणाऱ्या प्रोग्रॅमची सुरुवात अणुयुद्धाच्या भीतीतून झाली, हे मला पुष्कळ उशिरा वाचायला मिळालं. साठच्या दशकात अमेरिकेच्या नॅशनल ब्युरो ऑफ स्टँडर्ड्समध्ये तामामी कुसुदा जमिनीखालच्या आसऱ्यांचा अभ्यास करत होते. बंद तळघरात खूप माणसं कोंडली तर त्यांच्याच शरीराच्या उष्णतेने आणि घामाने हवा किती वेळात असह्य होईल, हे त्यांना संगणकाने काढायचं होतं. त्यातून इमारतीच्या उष्णतेचा तासागणिक हिशेब करण्याची पद्धत घडत गेली. १९७३ च्या तेलटंचाईनंतर हाच हिशेब ऊर्जेच्या बचतीसाठी कामाला लागला. पुढे डीओई-टू हा प्रोग्रॅम आला आणि २००१ मध्ये एनर्जीप्लस. एनर्जीप्लस अमेरिकन सरकारने फुकट दिला, म्हणूनच पुण्यातल्या दोन-चार माणसांच्या कचेऱ्यांनाही तो परवडला. रात्री रन लावून घरी जायचं आणि सकाळी आलेले आकडे बघायचे, अशी ती वर्षं होती.

पण प्रोग्रॅम कितीही हुशार असला तरी त्याला इथलं ऊन कळलं पाहिजे, आणि ते मोजण्याचं काम पुण्यातच झालं होतं. १९२८ मध्ये हवामान खात्याचं मुख्यालय सिमल्याहून पुण्याला आलं. शिवाजीनगरची ती इमारत आजही सिमला ऑफिस म्हणूनच ओळखली जाते. १९४८ मध्ये तिथल्या उपकरण विभागात ॲना मणी रुजू झाल्या. परदेशातून येणारी हवामानाची उपकरणं इथेच बनावीत म्हणून त्यांनी शंभराच्या आसपास उपकरणांची रेखाटनं प्रमाणित करून घेतली. १९५७-५८ च्या आंतरराष्ट्रीय भूभौतिकी वर्षात देशभर सौर प्रारण मोजणारी केंद्रं उभारण्यात त्यांचा पुढाकार होता. १९८० मध्ये त्यांचं भारतातल्या सौर प्रारणाच्या आकड्यांचं हँडबुक निघालं. सौरऊर्जेच्या संदर्भात त्यांचं नाव निघतं. माझ्यासारख्या लोकांनीही ते घ्यायला हवं. आडव्या छपरावर एप्रिलमध्ये दुपारी किती ऊन पडतं याचं भारतीय, मोजलेलं उत्तर नसतं, तर आमची सगळी मॉडेलं परक्या आकाशाखाली उभी राहिली असती.

आणखी एका पुस्तकाचं ऋण मोठं आहे. आयआयटी मुंबईच्या जे. के. नायक आणि जे. ए. प्रजापती यांचं ऊर्जेचं भान ठेवणाऱ्या इमारतींवरचं हँडबुक २००६ मध्ये आलं. त्यांनी निरनिराळ्या हवामानांसाठी एकेक शहर निवडून संगणकावर इमारती चालवून पाहिल्या, आणि समशीतोष्ण हवामानासाठी निवडलं पुणं. पुण्यात कुठला उपाय किती फळतो, याचे छापील आकडे मी पहिल्यांदा तिथे पाहिले. ग्राहकासमोर ते पुस्तक उघडून बसलं की बोलण्याला वजन येई.

चाकण हे नाव मोटारींच्या आधी कांद्याच्या बाजारासाठी राज्यभर माहीत होतं. २००९ च्या सुमारास तिथे फोक्सवॅगन आणि मर्सिडीज-बेंझ आल्या, २०१० मध्ये महिंद्रा. मोटारीच्या कारखान्यात सर्वांत जास्त ऊर्जा पेंट शॉप खातं, कारण रंग फवारायच्या बूथमध्ये हवेचं तापमान आणि आर्द्रता अगदी अरुंद पट्ट्यात राखावी लागते आणि ती हवा सतत बाहेर टाकून नवी घ्यावी लागते. आर्द्रता हलली की रंगाची झळाळी बिघडते. त्यामुळे बूथमधल्या हवेचा झोत कसा वाहील याचं सिम्युलेशन करायला कुणी खळखळ करत नाही.

चाकणच्याच खेड तालुक्यात, राजगुरुनगरला, कांदा-लसूण संशोधन संचालनालय आहे. १९९८ मध्ये ते नाशिकहून इथे आलं. कांदा साठवणीत श्वास घेतो, उष्णता आणि ओलावा सोडतो. ओलावा कोंडला की कांदा सडतो किंवा त्याला मोड येतात. म्हणून सुधारित चाळीचा तळ जमिनीपासून वर उचललेला, तळातून आणि बाजूंनी हवा येणारी, ढीग पाच फुटांच्या आसपासच. एकपाखी चाळ दक्षिणोत्तर, दुपाखी पूर्व-पश्चिम. आतल्या हवेचा हा अस्सल अभ्यास आहे. आत सजीव आहे, तो उष्णता सोडतो, ती वाहून नेली पाहिजे, एवढं मान्य करून ही रचना केलेली आहे. शेजारच्या औद्योगिक वसाहतीत मी अशा शेड पाहिल्या आहेत की ज्यांना खालून हवा यायला फक्त शटर आहे, आणि तेही मालाच्या खोक्यांनी अर्धं झाकलेलं.

हिंजवडीच्या आयटी कंपन्यांच्या काचेच्या कचेऱ्यांनी आमच्या धंद्याला बाळसं धरायला लावलं. २००७ मध्ये इमारतींसाठी ऊर्जा संवर्धन संहिता आली, त्याच वर्षी ‘गृह’ हे हरित इमारतींचं मानांकन आलं, आणि पिंपरी-चिंचवड महापालिकेने ‘गृह’ मानांकन घेणाऱ्यांना प्रीमियममध्ये आणि मिळकतकरात सवलत देऊ केली. ते मोठं पाऊल होतं. पण ऊर्जा संहिता व्यापारी इमारतींची, उत्पादनाच्या कामाला लागणारी ऊर्जा तिच्या कक्षेबाहेर. साध्या पत्र्याच्या शेडमध्ये वातानुकूलन नसतंच, म्हणजे वाचवायला वीजही नाही. बचतीच्या हिशेबात त्या शेडचं मॉडेल करण्याचं कारणच उरत नाही.

भोसरीतल्या एका लहान कारखान्याच्या मालकाने मात्र असं मॉडेल करायला सांगितलं, कारण उन्हाळ्यात दुपारनंतर तपासणीच्या टेबलावरच्या बायकांना चक्कर यायची. मी एनर्जीप्लसमध्ये शेड उभी केली. आकडे वाईट होते, पण त्यांवरून चक्कर का येते ते कळत नव्हतं. मग त्या टेबलावरच्या एक मावशी म्हणाल्या, "मॅडम, दुपारी पंखा आम्हीच बंद करतो. तो वरची गरम हवा डोक्यावर ओततो." नेहमीच्या मॉडेलमध्ये एका जागेतली सगळी हवा ढवळलेली, एकाच तापमानाची धरलेली असते. उंच शेडमध्ये तसं नसतं, तापलेली हवा वर थर करून बसते. आम्ही एका खांबाला खालपासून वरपर्यंत तापमान नोंदवणारे लॉगर बांधले आणि टेबलाच्या उंचीवर काळ्या गोळ्याचा तापमापक ठेवला. साधा तापमापक हवेचं तापमान सांगतो, पत्र्याची धग सांगत नाही. काळा गोळा ती धरतो. रुरकीच्या केंद्रीय इमारत संशोधन संस्थेत शर्मा आणि अली यांनी १९८६ मध्ये भारतीय माणसांच्या उन्हाळ्यातल्या सुखाचा जो निर्देशांक मांडला, त्यातही या गोळ्याचा वाटा सर्वांत मोठा आहे. मावशींचं म्हणणं खांबावरच्या आकड्यांत स्वच्छ दिसलं. त्यावरून मॉडेल जुळवून घेतलं आणि उपाय एकेक करून चालवले. नवे पंखे लावण्यापेक्षा छपराला ऊन परतवणारा पांढरा लेप, आढ्याला उघडी फट आणि भिंतीला जमिनीलगत झडपा यांनी कितीतरी जास्त फरक पडत होता. मालकाने लेप आणि झडपा त्याच दिवाळीत करून घेतल्या, आढं पुढच्या वर्षी उघडलं.

२०१४ मध्ये अहमदाबादच्या सेप्ट विद्यापीठाने भारतीय माणसाला कोणत्या तापमानात बरं वाटतं याचा अभ्यास प्रसिद्ध केला. पाच शहरं, सोळा इमारती, सहा हजारांहून जास्त उत्तरं. या देशात झालेलं हे फार महत्त्वाचं काम आहे आणि मी ते रोज वापरते. त्या सोळाही इमारती कचेऱ्यांच्या आहेत. पिंपरी, भोसरी, चाकणच्या शेडमध्ये, प्रेसवर आणि तपासणीच्या टेबलावर, काळा गोळा शेजारी ठेवून हेच प्रश्न विचारायला हवेत. विचारणारे लोक या पट्ट्यातल्याच अभियांत्रिकी महाविद्यालयांत आहेत, उपकरणं स्वस्त झाली आहेत, आणि उत्तरं द्यायला मावशींसारखी माणसं तीन शिफ्टमध्ये हजर आहेत.