शय्याव्रण

शय्याव्रण म्हणजे शरीराच्या एखाद्या भागावर दीर्घकाळ दाब राहिल्याने तेथील त्वचेला व तिच्याखालील ऊतींना होणारी इजा. बोलचालीत तिला 'बेडसोर' म्हणतात. अंथरुणाला खिळलेले वृद्ध, बेशुद्ध रुग्ण, पक्षाघात किंवा पाठीच्या कण्याची इजा झालेल्या व्यक्ती यांना तिचा धोका सर्वाधिक असतो. चाकाच्या खुर्चीवर बसून राहणाऱ्यांनाही ती होत असल्याने 'दाबव्रण' हे नाव अधिक अचूक ठरते. बहुतेक शय्याव्रणे टाळता येतात. मात्र खोल गेलेले व्रण भरून येण्यास कित्येक महिने लागतात.

त्वचेची रचना व कारणे

त्वचा हे शरीरातील सर्वांत मोठ्या इंद्रियांपैकी एक असून प्रौढ व्यक्तीत तिचे क्षेत्रफळ सुमारे १.५ ते २ चौरस मीटर असते. बाह्यत्वचेत रक्तवाहिन्या नसतात. तिचे पोषण खालच्या अंतस्त्वचेतील केशिकांद्वारे होते. त्याखाली मेदाचा थर, स्नायू आणि हाड असते. माकडहाड, टाचा, खुब्याची बाजू, खांद्याची पाती, कोपरे व डोक्याची मागची बाजू येथे हाड त्वचेच्या अगदी जवळ असते. अशा जागी हाड आणि बिछाना यांच्यामध्ये ऊती दाबल्या जातात, केशिका मिटतात आणि रक्तपुरवठा थांबतो. निरोगी माणूस झोपेतही नकळत कूस बदलतो. ज्याला हालचाल करता येत नाही किंवा संवेदनाच उरलेली नाही, त्याच्या बाबतीत हा दाब तसाच राहतो.

दाबाला आणखी दोन गोष्टींची जोड मिळते. उशाकडची बाजू उंच केल्यावर रुग्ण हळूहळू खाली घसरतो. त्वचा चादरीला चिकटून राहते, पण आतील हाड सरकते आणि मधल्या रक्तवाहिन्या ताणल्या जातात. घाम व मलमूत्राच्या ओलाव्याने त्वचा मऊ पडून लवकर फाटते. कुपोषण व मधुमेह यांमुळे धोका वाढतो.

अवस्था

शय्याव्रणाच्या चार अवस्था मानतात. पहिल्या अवस्थेत त्वचा अखंड असते, पण तिच्यावरील लाल चट्टा बोटाने दाबला तरी फिका पडत नाही. दुसरीत बाह्यत्वचा सोलवटते किंवा फोड येतो. तिसरीत जखम मेदापर्यंत, तर चौथीत स्नायू वा हाडापर्यंत पोहोचते. स्नायूंना रक्ताची उणीव त्वचेपेक्षा कमी सोसते; त्यामुळे वरून रुपयाएवढा दिसणारा व्रण आत बराच मोठा असू शकतो.

सावळ्या किंवा काळ्या त्वचेवर पहिल्या अवस्थेतील लाली सहसा उठून दिसत नाही. पाठ्यपुस्तकांतील चित्रे बहुधा गोऱ्या त्वचेची असल्याने ही बाब दुर्लक्षित राहते. अशा वेळी हात लावून पाहावे लागते: आसपासच्या त्वचेपेक्षा ती जागा गरम किंवा थंड, घट्ट किंवा पिळपिळीत लागते, अथवा दुखते.

इतिहास

फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास शय्याव्रणाचा दोष सामान्यतः रोगाकडे नसून परिचर्येकडे असतो, असे मत मांडले. फ्रेंच मज्जाविकारतज्ज्ञ झाँ-मार्तें शार्को यांनी मात्र ते मज्जासंस्थेच्या इजेचाच परिणाम मानले. म्हणजे ते टाळणे कोणाच्या हाती नाही, असाच त्याचा अर्थ होई. लुडविग गुटमन यांनी १९४४ पासून इंग्लंडमधील स्टोक मँडेविल रुग्णालयात कण्याची इजा झालेल्या सैनिकांना रात्रंदिवस दर दोन तासांनी कुशीवर वळवण्याची शिस्त घातली आणि शार्को यांची निराशा अनाठायी ठरवली. (याच रुग्णालयाच्या आवारात १९४८ मध्ये भरलेल्या क्रीडास्पर्धांतून पुढे पॅरालिंपिक उदयास आले.) डोरीन नॉर्टन यांनी १९६२ मध्ये धोका मोजण्याची श्रेणी तयार केली. सध्या ब्रेडन श्रेणी अधिक प्रचलित आहे. तीत ६ ते २३ गुण असतात व गुण जितके कमी तितका धोका जास्त.

प्रतिबंध

साधारणतः दर दोन तासांनी कूस बदलणे हा प्रतिबंधाचा गाभा आहे. नेमके अंतर रुग्णाच्या स्थितीवरून ठरते. पूर्ण कुशीऐवजी पाठीमागे उशी देऊन सुमारे ३० अंशांत कलते ठेवल्यास खुब्यावर भार येत नाही. पोटऱ्यांखाली उशी ठेवून टाचा अधांतरी ठेवतात. रुग्णाला ओढत न नेता चादरीसह उचलून सरकवतात. हवेच्या गादीने दाब विभागला जातो, परंतु ती आणल्यावर कूस बदलणे थांबवणे ही घरोघरी होणारी चूक आहे.

रोज आंघोळ घालताना किंवा अंग पुसताना हाडांच्या जागा तपासाव्यात. त्वचा सौम्य साबणाने व कोमट पाण्याने स्वच्छ करून, न घासता टिपून कोरडी करतात आणि ओलाव्यापासून बचाव करणारे मलम लावतात. पाठीला स्पिरिट चोळून पावडर टाकण्याची जुनी पद्धत आता योग्य मानली जात नाही, कारण स्पिरिटने त्वचा शुष्क होते. लाल झालेली जागा चोळल्याने आतील इजा वाढते. मध्ये भोक असलेली रबरी चकतीही टाळतात. तिच्या कडेवर दाब येऊन मधल्या भागाचा रक्तपुरवठा घटतो.

उपचार

दाब पूर्णपणे हटवणे ही उपचाराची पहिली अट होय. जखम सलाइनने धुऊन ओलसर राखणारी मलमपट्टी करतात; मृत ऊती डॉक्टर काढून टाकतात. आहारात पुरेशी प्रथिने आवश्यक असतात. डाळी, दूध, अंडी यांतून ती मिळतात, मात्र मूत्रपिंडाचा विकार असल्यास प्रमाण डॉक्टरांकडून ठरवून घ्यावे लागते. खोल व्रणांसाठी कधी शस्त्रक्रियेने शेजारची त्वचा व स्नायू वळवून जखम झाकतात. दुर्गंधी, पू, ताप किंवा भोवती पसरणारी सूज ही जंतुसंसर्गाची चिन्हे असून संसर्ग हाडात वा रक्तात पोहोचल्यास जिवाला धोका निर्माण होतो.