लिव्हरपूलचा भाव, मुंबईचा भरवसा

मागच्या एपिसोडनंतर बऱ्याच जणांनी विचारलं की एक्सपोर्टवाल्यांचा 'कॉन्फिडन्स' नेमका असतो तरी काय. आजकाल सर्वे होतात, इंडेक्स निघतात. पण १८६० च्या दशकातल्या मुंबईत असलं काही नव्हतं. तिथे कॉन्फिडन्स बघायचा तर शेअरचा भाव बघायचा.

१८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध सुरू झालं. तोवर ब्रिटनच्या गिरण्यांना लागणाऱ्या कच्च्या कापसातला साधारण तीन चतुर्थांश माल अमेरिकेतून यायचा. दक्षिणेतल्या बंदरांची नाकेबंदी झाली, पुरवठा आटला आणि सगळ्यांची नजर आपल्याकडे वळली. वऱ्हाड, खानदेश, गुजरातचा कापूस मुंबईहून जायला लागला. दख्खनच्या गावांत सावकार शेतकऱ्याला कापसाच्या एकरामागे १०० रुपये उचल द्यायला तयार झाले. एरवी दारात उभं न करणारा माणूस स्वतःहून पैसे देतोय म्हटल्यावर कोण नाही म्हणणार?

आता यातली गोची बघा. सुएझ कालवा १८६९ चा, म्हणजे तेव्हा तो नव्हताच. कापसाच्या गाठी शिडाच्या जहाजातून आफ्रिकेला वळसा घालून जायच्या, तीन-चार महिने सहज. आमच्या भाषेत सांगायचं तर लेटन्सी भयंकर! मुंबईत आजच्या भावाने खरेदी करायची आणि विकायची तीन महिन्यांनंतरच्या भावाने. मधल्या काळात लढाई थांबली तर? हा प्रश्न त्या लोकांना पडला नसेल असं मला अजिबात वाटत नाही. व्यापारी होते ते, भोळे नव्हते. पण भाव चढता असताना जो आधी थांबतो तो मूर्ख ठरतो, आणि मूर्ख ठरायची भीती बुडायच्या भीतीपेक्षा मोठी असते.

आलेला पैसा कापसात थांबलाच नाही. नव्या बँका, फायनान्स कंपन्या, समुद्र हटवून जमीन करायच्या योजना. यात सगळ्यात गाजली बॅक बे रेक्लमेशन. या सगळ्या खेळाचा राजा प्रेमचंद रायचंद. त्याच्या शब्दावर बँक ऑफ बॉम्बे कर्ज देत होती, आणि तारण काय, तर हेच फुगलेले शेअर! म्हणजे विश्वासावर विश्वास गहाण.

एप्रिल १८६५ मध्ये जनरल लीने शरणागती पत्करली. बातमी मुंबईला पोचली आणि कापूस कोसळला. वायद्याचे ढीगभर सौदे १ जुलैला पुरे व्हायचे होते. त्या दिवशी देणारा कोणीच उरला नाही. बँक ऑफ बॉम्बेचा २८५० रुपयांपर्यंत गेलेला शेअर ८७ रुपयांवर आला. १८६८ मध्ये ती बँक गुंडाळून त्याच नावाची नवी काढावी लागली. प्रेमचंद स्वतः बुडाला, पण तेजीत असताना त्याने विद्यापीठाला दिलेल्या देणगीतून पुढे आईच्या नावाचा राजाबाई टॉवर उभा राहिला. चर्चगेटला उतरलात तर बघालच.

टॉवरची गोष्ट सगळे सांगतात. मला गावाची जास्त महत्त्वाची वाटते. अमेरिकेचा कापूस परत आल्यावर सावकारांनी नवी उचल बंद केली आणि जुनी मागायला सुरुवात केली. त्यातच सरकारने सारा वाढवला. मुंबईचा व्यापारी दिवाळं काढून मोकळा होऊ शकत होता, रयतेला ती सोय नव्हती. १२ मे १८७५ ला पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावात आसपासचे शेतकरी जमले, सावकारांच्या दुकानांवर चालून गेले, वह्या आणि खतं मागितली आणि जाळली.

त्या दंगलींवर सरकारने कमिशन नेमलं. त्याने काय निष्कर्ष काढला आणि साऱ्याची गोष्ट कशी बाजूला सारली, ते पुढच्या एपिसोडमध्ये.